बाबांची पेन्शन आणि महिन्याचा शेवटचा दिवस

२८ फेब्रुवारी २०२५, शुक्रवार. ऑफिसमधून घरी आले तेव्हा बाबा टीव्हीसमोर बसले होते. त्या एका दिवसात सेन्सेक्स चौदाशेहून जास्त अंकांनी पडला होता. बाबा काही बोलत नव्हते, समोरचा चहा तसाच गार झाला होता. मी लॅपटॉप उघडला आणि म्हटलं, "बाबा, आता बास. आजच बदलून टाकू."

ओटीपी त्यांच्या फोनवर आला. त्यांनी चष्मा वर करून तो मला वाचून दाखवला. बाबांच्या एनपीएस खात्यातला शेअर बाजारातला सगळा हिस्सा सरकारी रोख्यांत हलवायचा अर्ज पाच मिनिटांत गेला.

त्या ओटीपीची किंमत आम्हाला पन्नास हजारांच्या घरात पडली. या वेळच्या सदरात तीच गोष्ट सांगते. तुमच्याही घरी कुणाचं तरी पेन्शनचं खातं असेल, त्याचं ॲप असेल, आणि त्या ॲपवर "बदल करा" असं बटणही असेलच.

आमच्या घरची पेन्शन

बाबा मूळचे सांगलीचे. नोकरीसाठी जयपूरला आले आणि इथलेच झाले. सीतापुराच्या औद्योगिक वसाहतीत एका खासगी कंपनीत हिशेब बघतात. तेव्हा ते छप्पन वर्षांचे होते, म्हणजे निवृत्तीला चार वर्षं.

आमच्या समोरच्या घरातले काका सरकारी शाळेत शिक्षक आहेत. ते २००४ नंतर नोकरीला लागले, त्यामुळे त्यांनाही आधी बाजाराशी जोडलेली नवी पेन्शनच होती. पण २३ फेब्रुवारी २०२२ च्या अर्थसंकल्पात मुख्यमंत्री अशोक गेहलोत यांनी राजस्थानच्या सरकारी कर्मचाऱ्यांना जुनी पेन्शन परत देण्याची घोषणा केली. तेव्हापासून काका बाजाराच्या बातम्या लागल्या की चॅनल बदलतात. बाबा बदलू शकत नाहीत. त्यांच्याकडे पीएफ आहे, तिथे निवडण्यासारखं काही नाही. आणि दुसरं हे एनपीएस, जिथे सगळं आपणच निवडायचं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एनपीएस १ मे २००९ पासून सगळ्या नागरिकांसाठी खुलं झालं. आपले पैसे मुख्यतः तीन डब्यांत जातात: 'ई' म्हणजे शेअर, 'सी' म्हणजे कंपन्यांचे रोखे आणि 'जी' म्हणजे सरकारी रोखे. कुठल्या डब्यात किती ठेवायचं हे आपण स्वतः ठरवू शकतो. नाहीतर 'ऑटो' पर्याय घ्यायचा, म्हणजे वय वाढेल तसा शेअरचा वाटा आपोआप कमी होत जातो. बाबांनी स्वतः ठरवायचा पर्याय घेतला होता आणि अर्धे पैसे 'ई'मध्ये ठेवले होते. खात्यात साधारण बारा लाख होते, म्हणजे सहा लाख शेअरमध्ये.

मी आणि 'मोमेंटम'

मी बीए इंग्लिश. माझा आणि आकड्यांचा संबंध पगाराच्या स्लिपपुरता. पण कंटेंट लिहिणाऱ्या माणसाला कशावरही लिहावं लागतं. २०२४ च्या पावसाळ्यात माझ्याकडे गुंतवणुकीवरचं काम आलं, आणि त्यात एक शब्द भेटला: मोमेंटम.

कल्पना सोपी आहे. गेल्या काही महिन्यांत जे वर जात होतं, ते पुढचे काही महिनेही वर जाण्याची शक्यता जास्त. जे पडत होतं, ते पडत राहण्याची शक्यता जास्त. मकरसंक्रांतीला जयपूरच्या गच्चीवर उभं राहिलात तर हे लगेच कळतं. ज्या पतंगाने वारा धरलाय तो आणखी वर जातो, जो गोते खातोय तो बहुतेक खालीच येतो.

ही नुसती गच्चीवरची समजूत नाही. १९९३ मध्ये नरसिंहन जेगदीश आणि शेरिडन टिटमन या दोन अभ्यासकांनी 'जर्नल ऑफ फायनान्स'मध्ये यावर निबंध लिहिला. १९६५ ते १९८९ या काळातले अमेरिकन शेअर तपासून त्यांनी दाखवलं, की मागच्या सहा महिन्यांत पुढे असलेले शेअर पुढच्या सहा महिन्यांतही मागे पडलेल्यांपेक्षा सरस ठरत होते, सरासरी महिन्याला एक टक्क्याच्या आसपास. पुढे हीच कल्पना अख्ख्या फंडांना लावली गेली. गॅरी अँटोनाची यांच्या २०१४ च्या 'ड्युअल मोमेंटम' या पुस्तकामुळे ती सामान्य गुंतवणूकदारांपर्यंत पोचली. महिन्यातून एकदा बघायचं: बाजार सहा किंवा बारा महिन्यांपूर्वीपेक्षा वर असेल तर शेअरमध्ये राहायचं, खाली असेल तर रोख्यांत जायचं. बाकी महिनाभर बाजाराकडे बघायचंही नाही.

मला हे फार आवडलं, कारण यात हुशारी लागत नाही. महिन्याच्या शेवटच्या दिवशी दोन आकडे बघायचे आणि मोठा कुठला ते सांगायचं. एवढं गणित मलाही येतं! बाबांनाही पटलं. मी फोनमध्ये दर महिन्याच्या शेवटच्या तारखेला रिमाइंडर लावला: "बाबा – बाजार."

आणखी एक मोह होता. म्युच्युअल फंडात अशी अदलाबदल महागात पडते. शेअरचे फंड वर्षाच्या आत विकले तर नफ्यावर २० टक्के कर, वर अनेक फंडांचा एक्झिट लोड. एनपीएसच्या आत डबा बदलला तर कर नाही. मला वाटलं, फुकट आहे तर का नाही?

नियम बोलला, आम्ही ऐकलं नाही

सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर. तिन्ही महिने नियमाचं उत्तर एकच आलं, शेअरमध्येच राहा.

३१ डिसेंबर २०२४ ला सेन्सेक्स ७८,१३९ वर होता आणि सहा महिन्यांपूर्वी, जूनअखेर, ७९,०३३ वर. नियम स्पष्ट सांगत होता: बाहेर पडा.

पण फरक नऊशे अंकांचा होता. घरी पाहुणे आले होते. बाबा म्हणाले, "एवढ्याशा फरकाने काय होतंय? पुढच्या महिन्यात बघू." मीही होकार दिला.

३१ जानेवारीला सेन्सेक्स ७७,५०१ होता, जुलैअखेर ८१,७४१. पुन्हा बाहेर. पण दुसऱ्याच दिवशी अर्थसंकल्प होता. या वेळी मीच म्हटलं, "बजेट होऊन जाऊ दे."

मग आला २८ फेब्रुवारी. सेन्सेक्स ७३,१९८. आणि आम्ही दोघं घाबरलो. त्या दिवशीही नियम "बाहेर" म्हणत होता हे खरं. पण मनापासून सांगायचं तर त्या संध्याकाळी मी जूनचे किंवा ऑगस्टचे आकडे उघडून बघितलेच नाहीत. मी बाबांचा चेहरा बघितला.

मार्चअखेर सेन्सेक्स ७७,४१५ वर आला. बाबांनी विचारलं, "परत जायचं का?" सप्टेंबरअखेर तो ८४,३०० होता, म्हणजे नियम अजून नाहीच म्हणत होता. ७ एप्रिलला अमेरिकेच्या आयात शुल्काच्या धसक्याने बाजार एका दिवसात २,२०० अंकांहून जास्त पडला, तेव्हा मला जरा बरंही वाटलं. बघा, वाचलो! पण ३० एप्रिलला तो ८०,२४२ वर होता, ऑक्टोबरअखेरच्या ७९,३८९ पेक्षा वर. नियम म्हणाला, परत या. आम्ही परत गेलो.

आता हिशेब करू. डिसेंबरला नियमाप्रमाणे निघालो असतो तर ७८,१३९ ला बाहेर आणि ८०,२४२ ला आत, म्हणजे २.७ टक्क्यांची हुकलेली वाढ. त्यातली बरीचशी रोख्यांच्या व्याजाने भरून निघाली असती. आम्ही ७३,१९८ च्या आसपास निघालो, म्हणजे ९.६ टक्के हुकले. सहा लाखांवर सत्तावन्न हजार. रोख्यांनी दोन महिन्यांत जे दिलं ते वजा केलं तरी पन्नास हजारांच्या आसपास. बाबांचा फंड सेन्सेक्सच्या मागे पावलावर पाऊल टाकून चालत नाही, त्यामुळे पाच-दोन हजार इकडेतिकडे होतील. पण अर्थ तोच राहतो. वरातीमागून घोडं, तेही बाबांच्या पैशांवर.

मग नियमच चुकीचा का?

मला राग नियमाचा आला होता. म्हणून मी जुने आकडे काढून बसले, आणि निघालं ते असं.

२००८ ची मंदी घ्या. हाच सहा महिन्यांचा नियम मार्च २००८ च्या अखेरीस १५,६४४ वर बाहेर काढतो आणि एप्रिल २००९ च्या अखेरीस ११,४०३ वर आत आणतो. मधल्या काळात सेन्सेक्स ८,१६० पर्यंत जाऊन आला होता. म्हणजे नियमाने २७ टक्क्यांचा फटका वाचवला आणि वर्षभराची झोपही.

आता २०२० चा कोरोना घ्या. फेब्रुवारीअखेर सेन्सेक्स ३८,२९७, सहा महिन्यांपूर्वीपेक्षा वर, म्हणून नियम म्हणतो "थांबा". २३ मार्चला एका दिवसात १३ टक्के पडझड झाली. मार्चअखेर २९,४६८ वर नियम म्हणतो "बाहेर". एप्रिल, मे, जून, जुलै, बाजार चढतोय पण सहा महिन्यांपूर्वीच्या खालीच आहे. ऑगस्टअखेर ३८,६२८ वर नियम म्हणतो "आता या". म्हणजे सगळी पडझड सोसायची आणि नंतरची ३१ टक्क्यांची वाढ घालवायची. तेलही गेलं, तूपही गेलं.

दोन्ही वेळा मिळून नियम थोडासाच पुढे राहतो, आणि मधल्या वर्षांतल्या लहानसहान अदलाबदली मी यात धरलेल्याही नाहीत. २००८ सारखी पडझड महिनोन्‌महिने सावकाश चालते, तेव्हा हा नियम कामाचा. २०२० सारखी ती चार आठवड्यांत येऊन जाते, तेव्हा महिन्यातून एकदा उघडणारा डोळा उशिराच उघडणार. पडझड कुठल्या जातीची आहे हे ती चालू असताना कुणालाच कळत नाही.

थोडक्यात, नियम मूर्ख नाही, जादूही नाही. त्याचा जो काही फायदा आहे तो वीस-पंचवीस वर्षं, एकही महिना न चुकवता, मूर्ख दिसत असतानाही पाळला तरच मिळतो. आम्ही तो पहिल्याच परीक्षेत, चौथ्या महिन्याला मोडला.

चार वेळांची मर्यादा

एक गोष्ट मी आधी नीट वाचलीच नव्हती. एनपीएसमध्ये स्वतः हिस्से ठरवणाऱ्याला ते एका आर्थिक वर्षात चारच वेळा बदलता येतात. २०२२ च्या आधी तर दोनच वेळा येत. फंड सांभाळणारी कंपनी वर्षातून एकदाच बदलता येते. (सरकारी कर्मचाऱ्यांचे नियम वेगळे आहेत.) शिवाय अर्ज केला त्या क्षणीचा भाव मिळत नाही, मध्ये काही दिवस जातात. बाजार एका जागी घुटमळत असला की दर महिन्याचा नियम वर्षातून पाच-सहा वेळाही आत-बाहेर करायला लावू शकतो. तेव्हा पाचव्या वेळी आपण कुठे अडकू, हे नशीब.

आधी मला ही मर्यादा जाचक वाटली. मग कळलं की इतरांनी हे आधीच भोगलंय. अमेरिकेत केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी थ्रिफ्ट सेव्हिंग्ज प्लॅन आहे. तिथे काही मोजके लोक सारखे फंड बदलत राहायचे आणि त्या व्यवहारांचा खर्च सगळ्यांच्या खात्यावर पडायचा. २००८ पासून तिथे महिन्यातून दोनच मोकळ्या अदलाबदली ठेवल्या. त्यानंतर पैसे हलवायचे तर फक्त सुरक्षित सरकारी फंडात.

चिलीची गोष्ट तर चित्रपटासारखी आहे. तिथे पेन्शनचे ए ते ई असे पाच फंड आहेत. २०११ मध्ये 'फेलिसेस इ फोर्रादोस' नावाची एक कंपनी निघाली. वर्गणी भरा, आम्ही ईमेलने कळवू की आज ए मध्ये जा, आज ई मध्ये जा. एवढे लोक तिच्या मागे गेले की एका ईमेलसरशी पेन्शन फंडांना मोठ्या प्रमाणावर शेअर विकावे किंवा घ्यावे लागत. या सल्ल्यांमुळे तिथल्या बाजारातले भावच हलत होते, असं २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखवलं. शेवटी अशा सल्ल्यावर नियंत्रण आणणारा कायदा झाला आणि २०२१ मध्ये कंपनीने गाशा गुंडाळला.

हे वाचल्यावर मला आमच्या चार वेळांच्या मर्यादेबद्दल जरा प्रेमच वाटायला लागलं. शेजारची ताई बाळाच्या हातातून मोबाइल काढून घेते ना, तसं आहे ते.

खरी चूक कुठे होती

मे महिन्यात एका रविवारी मी सगळे आकडे कागदावर मांडून बाबांसमोर ठेवले. चूक कबूल करायची होती. रडू येईल असं वाटत होतं. बाबांनी कागद दोनदा वाचला. हिशेबनीस माणूस, आधी त्यांनी माझी एक वजाबाकी दुरुस्त केली. मग म्हणाले, "अगं, ओटीपी मी दिला होता ना?"

थोड्या वेळाने म्हणाले, "त्या दिवशी मी घाबरलो, कारण सहा लाख तिथे ठेवायची माझी छातीच नव्हती. ते मी पंचेचाळिसाव्या वर्षी ठरवलं होतं. नंतर कधी बघितलंच नाही."

आकड्यांच्या ढिगात मला जे सापडलं नव्हतं ते हे होतं. आम्ही सहा महिने "कधी बाहेर पडायचं" यावर बोलत होतो. "किती आत असायला हवं" हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. एनपीएसच्या ऑटो पर्यायात मधला मार्ग निवडला असता, तर पस्तिशीपर्यंत असलेला ५० टक्के शेअरचा वाटा दरवर्षी कमी होत पंचावन्नाव्या वर्षी १० टक्क्यांवर आला असता. बाबा छप्पनाव्या वर्षीही ५० वरच होते. दोन-दोन महिने सोसवणार नाही एवढा भार अंगावर असला, की कुठलाही नियम हातून सुटणारच.

आम्ही दोघांनी मिळून बाबांचा शेअरचा हिस्सा ३० टक्क्यांवर आणला. हा आकडा कुठल्याही पुस्तकातला नाही. बाबांना मी विचारलं, "उद्या यातले एक तृतीयांश गेले तर तुम्ही काय कराल?" ५० वर ते गप्प बसले, ४० वरही. ३० वर म्हणाले, "चहा पिईन." तिथे थांबलो.

आता आमच्या घरात काय चालतं

मी सल्लागार नाही, त्यामुळे हे तुम्ही जसंच्या तसं करा असं म्हणणार नाही. पण आम्ही काय करतो ते सांगते.

एक, हिस्से वर्षातून एकदाच बघतो, बाबांच्या वाढदिवसाला. ठरवलेल्या आकड्यापासून पाच टक्क्यांहून जास्त सरकले असतील तरच बदल. ऑटो पर्यायातही वाटा वाढदिवसालाच बदलतो, तिथूनच ही कल्पना घेतली.

दोन, बाजार पडला त्या दिवशी ओटीपी द्यायचा नाही. सात दिवस थांबायचं. आठव्या दिवशीही तसंच वाटलं तर कागदावर कारण लिहायचं आणि मग बोलायचं.

तीन, माझं स्वतःचं एनपीएस खातं मी पहिल्या नोकरीत उघडलंय. मला निवृत्त व्हायला पस्तीस वर्षं आहेत, त्यामुळे माझ्या खात्यात 'ई' ७५ टक्के आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासून बिगरसरकारी सदस्यांसाठी शंभर टक्के शेअरच्या योजनाही आल्या आहेत. सध्या मी त्या वाटेला गेलेले नाही. माझी छाती अजून मोजलेली नाही.

चार, मोमेंटम मी सोडलेलं नाही! एका वहीत दर महिन्याला दोन आकडे लिहिते आणि नियमाचं उत्तर लिहिते. पैसे हलवत नाही. पाच वर्षं वही सलग भरली, एकही महिना चुकला नाही, तर माझ्या खात्याच्या छोट्या भागावर विचार करीन. बाबांच्या नाही.

या महिन्यात तुम्ही एकच गोष्ट करा. आई-बाबांना, सासू-सासऱ्यांना किंवा नवऱ्याला विचारा, "तुमच्या पेन्शनच्या खात्यात शेअरचा हिस्सा किती आहे, आणि तो शेवटचा कधी ठरवला होता?" आमच्या घरी याचं उत्तर "अकरा वर्षांपूर्वी" असं होतं. तुमच्याकडे काय निघतं ते बघा. आणि हे विचारायला बाजार पडायची वाट बघू नका. साधा रविवार, गरम चहा आणि सगळे निवांत असतील तेव्हा विचारा.